तिरकं तळं

माझ्या मामाचं सलून आहे, आणि त्याला फोटोचं वेड आहे. माणसांचे फोटो मात्र तो काढत नाही. "दिवसभर तोंडंच बघतो रे, सुट्टीच्या दिवशी तरी झाडं बघू दे," म्हणतो. आमच्या फोटोमंडळात त्याला मीच नेलं, आणि त्याबद्दल मामीने मला बरेच दिवस धारेवर धरलं होतं.

मंडळ भरतं वाचनालयाच्या वरच्या खोलीत. दर रविवारी प्रत्येकाने आपला एक फोटो मांडायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. नियम एकच: सगळ्यांचं बोलून होईपर्यंत फोटोवाल्याने तोंड उघडायचं नाही. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती. मामा गुडघे घट्ट धरून बसायचा, आणि कान लालभडक.

वर्षाअखेरीला खालच्या दालनात निवडक फोटो लागतात. तिथे आपला एक लागावा, एवढंच त्याला हवं होतं. दर वर्षी "यंदा लागणार" अशी दवंडी सलूनभर पिटून व्हायची, आणि दर वर्षी विमेवाले आडवे यायचे. हे मंडळातले विमा एजंट. कुठल्याही फोटोत काय बुडणार, ते त्यांना आधी दिसतं.

"तळं उजवीकडे सांडतंय," ते म्हणायचे. पुढच्या खेपेला, "डोंगर घसरतोय."

एकदा मामाचा तोल सुटला. "माझ्या दुकानात अगदी सरळ दिसतं! येऊन बघा!"

विमेवाले खरंच आले, दाढी वाढवून. तळ्याचा फोटो मागच्या भिंतीवर होता, खुर्चीतून तो समोरच्या आरशात दिसायचा. मामाने साबण फासला, त्यांची मान सवयीने डावीकडे दाबली आणि कल्ला धरला.

"अहो, सरळ आहे की!" विमेवाले चाट पडले. उठून मागे वळून बघतात, तर तिरकं. पुन्हा बसले, मामाने मान दाबली, पुन्हा सरळ. साबण फासलेल्या तोंडाने त्यांची अशी उठाबशी चालली, तेव्हा थांबलेल्या गिऱ्हाइकांनी पेपर खाली ठेवले.

मग आरशात त्यांची नजर मामाकडे गेली. कल्ले सारखे करता करता मामाची मान कायमची डावीकडे कलून बसली होती.

"कॅमेरा चांगला आहे हो तुमचा," विमेवाले म्हणाले. "मानच तिरकी आहे."

मामी गल्ल्यावर होती. "लग्नाच्या फोटोतही तशीच आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, लाजतायत."

सगळं सलून हसलं. मामा हसला नाही. उरलेला दिवस त्याने मुक्याने कात्री चालवली, आणि मला फार वाईट वाटलं.

"आता काय, मान बदलून आणू?" रात्री जेवताना तो म्हणाला.

"मी धरते," मामी म्हणाली.

रविवारी उजाडताच दोघं तळ्यावर गेले. मामी त्याच्यामागे पालथ्या बादलीवर उभी राहिली आणि तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत गच्च धरलं. "हलू नका!" जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलेलं वाक्य मामाच्या कानावर पहिल्यांदाच पडलं.

त्या संध्याकाळी मंडळात फोटो मांडला. पाणी सरळ! पण ऊन पाठीमागून आलं होतं, त्यामुळे पुढच्या गवतावर एक लांबलचक सावली पडली होती. धड एक, कोपरं चार.

"खेकडा आहे का?" कुणीतरी विचारलं.

"ही सावली तेवढी कापा," विमेवाले म्हणाले, "म्हणजे यंदा भिंतीवर तुमचा फोटो नक्की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा ताडकन उठला. "नाही कापायची."

"नियम!"

"असू दे नियम! अहो, ती आहे म्हणून पाणी सरळ आहे. तिलाच कापायचं, तर फोटो माझा कसला? नाही लागला तर नाही लागला."

आवाज चिरकला त्याचा. विमेवाल्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"मग सावलीसकट लावा," ते म्हणाले. "पण पुढच्या रविवारी दुप्पट गप्प बसायचं."

फोटो लागला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर उभा राहिला. बघता बघता त्याची मान डावीकडे गेली, कपाळावर आठी आली. "जरा तिरका लावलाय यांनी," असं पुटपुटत त्याने चौकटीला हात घातला.

मागून दोन हात आले आणि त्यांनी त्याचं डोकं सरळ केलं.

"हलू नका," मामी म्हणाली.