वायरीच्या भरवशावर

आमच्या पुंडलिकनगरच्या घरमालक काकांचा देवावर नसेल एवढा विश्वास वायरीवर होता. मी पाचोडचा, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही कॉम्प्युटरचा. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मला वाय-फायचं भारी कौतुक, तर काकांच्या लेखी तो निव्वळ जादूटोणा. दुष्काळाची वर्षं होती. गल्लीत हंडे लावून उभं असताना ते मला समजवायचे, "टँकर कोपऱ्यावर दिसला म्हणून पाणी आलं का? पाइप हौदात पडला तर खरं. तुमचं हवेतलं इंटरनेट तसंच, ग्रॅज्युएट." म्हणून राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची जाड वायर, प्रिंटरला यूएसबी, जुन्या मॉनिटरला व्हीजीएची निळी पिन, तीही दोन्ही स्क्रू पिळून. पुतण्यानं बिनवायरीचा माउस आणला, तर "बिनशेपटीचं जनावर घरात नको," म्हणून परत पाठवला. कुणाकडं गेले की चहा येईपर्यंत कॉम्प्युटरच्या मागं वाकून बघायचे आणि पिन सैल दिसली की आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे, "हे कधीपासून असं?"

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, आमच्या ताईला, स्थळ आलं. मुलगा जर्मनीत, आईवडीलही तिकडंच राहायला गेलेले, त्यामुळं बघण्याचा कार्यक्रम लॅपटॉपवर. काकांनी एचडीएमआयची वायर लावून पाहुणे टीव्हीवर आणले. काकूंनी रीत म्हणून पोह्यांच्या बशा टीव्हीपुढं नैवेद्यासारख्या मांडल्या. बोलणी झाली, नमस्कार झाले, ताई आत गेली. काकांनी उठून टीव्हीची वायर उपसली. पडदा काळा झाला. त्यांच्या मते वायर निघाली म्हणजे पाहुणे गेले. मी तोंड उघडायच्या आत ते काकूंना म्हणाले, "पोरगं लई गुणाचं हाय. खोट काढायला जागाच नाय, हीच पंचाईत. नाय म्हणावं तरी कसं? पण ती गेल्यावर या घरात बोलायचं कुणाशी?"

"मी काय मुकी हाय का?" काकू.

"तुझ्याशी भांडता येतं. बोलायला तीच लागती."

मी नुसता लॅपटॉपकडं बोट दाखवत होतो. त्यातून कुणीतरी खाकरलं. मुलाचे वडील होते. "पाहुणे, आम्ही अजून इथंच हावोत."

काका वायर हातात धरून तसेच उभे. मला वाटलं, मोडलं स्थळ. पण आवाज सावकाश पुढं आला, "माझी लेक सासरी गेली, तेव्हा मला हे कुणाजवळ बोलता आलं नाय. तुम्ही पोरीला विचारा. तिचं व्हय तर आमचं व्हय."

ताई दारातच होती. "व्हय," म्हणाली आणि येऊन बापाला टेकून बसली.

आता दर रविवारी जर्मनीहून तिचा कॉल येतो. खुशाली विचारून होते, बोलणं आटोपतं, पण कॉल कुणीच बंद करत नाही. तिकडं ती कणीक मळते, इकडं काका शेंगा सोलतात. एकदा मी म्हणालो, "काका, बोलणं झालंय. बंद करू का?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"राहू द्या, ग्रॅज्युएट. घरात हाय ती."