पाय न टेकवण्याचा नवस

दहावीला तिसऱ्या खेपेला मी पास झालो आणि घरात कुणीही माझं कौतुक केलं नाही. सगळे देवीचे आभार मानत होते.

कारण सेनगावकडच्या डोंगरावरच्या देवीला आई नवस बोलली होती. स्वतःच्या नव्हे, माझ्या पायांच्या भरवशावर! पोरगं पास झालं तर सायकलवर घाट चढून दर्शनाला येईल, जमिनीला पाय न टेकवता.

"काहून पन? मी अनवाणी चालत जातो की!"

"अनवाणी समदेच येऊन राहिले. देवीच्या ध्यानात कोण ऱ्हाईल?"

नवरात्रात आई, वडील आणि मामा यांच्यासोबत निघालो. घाटात सीताफळं लगडली होती आणि वळणावळणाला खालचं हिरवं-पिवळं शिवार फार सुंदर दिसत होतं म्हणे. मला फक्त पुढचं चाक दिसत होतं. वडिलांची सायकल (दुधाचे कॅन वाहून वाहून एका बाजूला कललेली!) पहिल्याच वळणावर लटपटली.

"टेकला!" मागून चालणारी आई ओरडली. "पुन्ना खालून!"

"माय, नुसता अंगठा टेकला!"

"अंगठा काय पायाचा न्हाई व्हय?"

दुसऱ्यांदा बैलगाडी आडवी आली. पुन्हा खालून! आता मात्र मी इरेला पेटलो. तिसऱ्या खेपेची मला सवयच होती. मांड्या भरून आल्या, सायकल थांबली, तरी पाय वरच ठेवून मी बोंबललो, "धरा!" वडिलांनी हँडल धरलं, मामाने कॅरियर. सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"तुमचे टेकू द्या," आईने निकाल दिला. "नवस त्याच्या पायाचा हाय."

मग काय! पुढच्या वळणावर चेनही तुटली. दोघं सायकल ढकलत होते आणि मी नवरदेवासारखा वर बसून होतो.

"आक्का, दम लागून राहिला! घडीभर टेकू दे," मामा कळवळला.

"तू टेक की! त्याला पडू देऊ नको."

शेवटी पायऱ्या आल्या. दोघांनी मला सायकलसकट उचललं. लोकांनी वाट सोडली. एका म्हातारीने हळहळून विचारलं, "लेकराच्या पायाला तकलीफ हाय का?"

"पाय बराबर हाईत, मावशी," वडील धापा टाकत म्हणाले. "तकलीफ डोक्याची हाय!"

देवीपुढे त्यांनी मला खाली ठेवलं. नवस फिटला! आईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. वडील आणि मामा ओट्यावर आडवे झाले. आईने पुन्हा हात जोडले.

"देवी माय, आता पोरगं बारावीला बसंल..."

वडील रांगतच मध्ये आले. "हिचं ऐकू नको, देवी! बारावीला नापास झाला तरी चालंल!"

वडिलांचं मी आयुष्यात फारसं काही ऐकलं नाही. पण त्यांचा हा एवढा शब्द मात्र मी पहिल्याच फटक्यात पाळला.