भरमाण्णाचा वर राहिलेला हात

वडगावात भरमाण्णाला कोण ओळखत नाही? शिवजयंतीच्या चित्ररथात तलवार उगारलेला मावळा दरवर्षी तोच. ट्रॉलीवर चार-चार तास उभा. खाली बायाबापड्या हा पुतळा की माणूस यावर वाद घालायच्या. गुपित त्याचं त्याला ठाऊक. सुरवारीत झाकलेला गुडघा हळूच सैल करायचा, भार या टाचेवरून त्या टाचेवर न्यायचा आणि मनात घरच्या भानगडी उरकायच्या. बाहेरून दगड, आत सगळा कारभार चालू. आणि खाली कधी उतरायचं, ते त्याच्या मर्जीवर.

गडी मुलखाचा नाटकी. घरी बायको जयाबाई भांडायला लागली की हात वर करून थिजायचा, ती हसेपर्यंत हलायचा नाही.

थोरला भाऊ गेल्यापासून मात्र तो मिटत गेला. दोन महिने जेवण अर्धं, झोप त्याहून कमी, बोलणं ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ एवढंच. दुःख आहे, निवळेल, असं सगळे म्हणाले. सगळ्यांना सगळं कळत असतं!

एका सकाळी घरच्या यंत्रमागावर साडी चालू होती. धागा तुटलेला दिसला, म्हणून माग बंद करायला भरमाण्णाने हात उचलला आणि हात तिथेच राहिला. त्याने गुडघा सैल करून पाहिला, गुडघा ऐकेना. भार टाचेवर न्यावा, तर टाच परक्याची. ‘जया!’ अशी हाक मारली, पण ती घशातच अडकली. लाळ हनुवटीवर ओघळली, तीही पुसता येईना. त्याच्याच अंगात त्याला कोंडून कुणीतरी बाहेरून कडी घातली होती.

शेजारचा तम्मण्णा डोकावला. “आरं भरमाण्णा, शिवजयंतीला अजून दोन म्हैने हाईत की!” त्याने मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं, चार माणसं गोळा केली. गमतीने भरमाण्णाचा हात आडवा केला, तो आडवाच राहिला. खाली केला, खालीच राहिला. परत वर नेऊन ठेवला. “लई भारी!” म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाढवांनो, भरमाण्णा आतून ओरडत होता, ट्रॉलीवर मी कधी कुणाला माझा हात हलवू दिलाय का?

तेवढ्यात जयाबाई आली. आता सुटलो, असं त्याला वाटलं. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, अगदी पोटभर हसली. त्या हसण्यानं त्याची उरलीसुरली आशा गेली.

मग तिची नजर मागाकडे गेली. माग तसाच खडखडत होता आणि साडीत वीतभर चीर पडत गेली होती. विणकर जेवण सोडेल, भांडण सोडेल, पण तुटल्या धाग्यावर माग चालू ठेवणार नाही. थट्टेसाठी तर नाहीच नाही. तिने धावत बटण दाबलं.

“अवो, साडी नासली. बघा की!”

त्याचे डोळेही वळले नाहीत. जयाबाईने तम्मण्णाचा मोबाईल हिसकावून घेतला.

“दात काय काढतासा? रिक्षा आणा!”

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात उचलून सोडला. तो हवेतच राहिला. “सोंग घेणारा दमला की हात खाली घेतो,” त्या म्हणाल्या. “यांच्या हातात तेवढंही उरलेलं नाही. हा आजार आहे, आणि यावर औषध आहे.” त्यांनी इंजेक्शन दिलं.

अर्ध्या तासाने बोटं हलली. हात सावकाश खाली आला.

“जया,” भरमाण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मी तुला हाका मारत हुतो.”

“आता ऐकली न्हवं. बोला.”

त्याने बाहीने हनुवटी पुसली.

“तू बी हसलीस.”

जयाबाईने त्याचा हात मांडीवर घेतला. “दोन म्हैन्यांनी तुमाला तसं उभं बघितलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमी बरं झालासा.” आणि ती रडायला लागली.