फाट्यावर एकच स्टेंट

सांगलीच्या इस्पितळात आईची अँजिओग्राफी झाली तेव्हा मी साताऱ्याहून नुकताच पोचलो होतो. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीला जिथे फाटा फुटतो, नेमकी तिथेच ती अरुंद झाली होती. डॉक्टरांनी पडद्यावर फिल्म दाखवली. पाहायला मी, दोन चुलते आणि मामा असे चौघे होतो. आई बारा पावलांवर, खाटेवर, पूर्ण शुद्धीत होती. तिला कुणी काही दाखवले नाही.

डॉक्टरांचे म्हणणे सरळ होते. मुख्य वाहिनीत एक स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवायचा. फाट्यात तार घालून ठेवायची. तिथला प्रवाह टिकला तर काही करायचे नाही. मंदावला तर आधी आत बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करायची, आणि तेवढ्याने भागले नाही तरच दुसरा स्टेंट.

चुलत्यांना ते पटेना. थोरले फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. "अर्धं काम कशाला? दोन्हीकडं टाका." धाकटे म्हणाले, "आमच्या व्याह्यास्नी तीन टाकल्यात. लय झ्याक हाईत." मामा बायपासवर अडून बसले. आमच्याकडे बाईच्या दुखण्याचे निर्णय असेच, व्हरांड्यात उभ्याने होतात. शेवटी चुलत्यांचे खरे झाले. संमतिपत्र मी हातात घेतले. वीस वर्षे बातमीदारी केली. ज्याच्याविषयी बातमी, त्याला विचारल्याशिवाय ओळ छापली नाही. इथे विचारले नाही.

आधारकार्ड घ्यायला खाटेजवळ गेलो. आईने कागद पाहिला.

"कसला रं?"

"संमतीचा. दोन स्टेंट टाकायचं ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

"काकांनी."

"त्यांच्या छातीत टाकायचं हाय व्हय? बोलव डाक्टरला."

थोरले चुलते दारातून म्हणाले, "वहिनी, तुमी पडून ऱ्हावा. आमी हाय न्हवं."

"हाय की. म्हनूनच बोलतीया. तुमी फौजेत हुता तवा उसाला पानी कोन पाजत हुतं, भावजी?"

मी डॉक्टरांना बोलवायला गेलो.

डॉक्टर आले. कोऱ्या कागदावर रेघा ओढून त्यांनी फाटा काढून दाखवला. आईने त्यावर बोट ठेवले.

"आवं डाक्टर, हितं जाळी दाबून बसवली तर ह्या बारक्याचं तोंड बुजंल का न्हाई? मोठ्या पाटात फावडं मारलं की माती सरकून सरीच्या तोंडात जाती."

"तीच भीती असते," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर तार ठेवतो."

आम्हा चौघांपैकी कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता.

"मग आदी एकच टाका. पानी चालू ऱ्हायलं तर बारक्याला हात लावू नका. न्हाई ऱ्हायलं तर तुमी तितं बगून ठरवा. व्हरांड्यात इचारायला जाऊ नका."

संमतिपत्रावर तिने स्वतः, सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

मनगटाच्या रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी सरकवून स्टेंट बसवला. फाट्याचे तोंड खरेच दबले, प्रवाह मंदावला. फुगा फुगवावा लागला. तो पुरला.

घरी सोडायच्या दिवशी नर्सने गोळ्यांची चिठ्ठी सवयीने माझ्यापुढे धरली आणि वेळा सांगू लागली.

"हिकडं सांग, बाय," आई म्हणाली. "गिळायच्या मला हाईत."

मी बाजूला झालो. नर्सने पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात केली.