ढोलीतल्या बाळंतिणीची ओटी

सकाळी साडेसहापासून दुपारी बारापर्यंत वहीत एकही खूण पडली नव्हती.

कोळवण खोऱ्यातल्या त्या देवराईत बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून बसली होती. ढोलीचं तोंड तिनं चिखलानं लिंपून घेतलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवलेली. आत पिलं. नर दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. तो आला नाही, तर आत सगळे उपाशी. आमच्या निरीक्षण गटाचं काम एवढंच की दोरीच्या अलीकडे आडोशात बसायचं आणि नर आला की एक खूण मारून वेळ लिहायची. एरवी तासाला दोन-तीन खुणा पडत. आज मी प्रत्येक तासापुढे नुसती रिकामी रेघ मारत होते.

"तुम्ही सकाळी दोरी ओलांडलीत," किमया दात आवळून म्हणाली. गटाची जबाबदारी तिच्याकडे होती.

"दहा पावलं. आणि लगेच मागे आलो." वेदांत सरांनी मांडीवरचा भलामोठा कॅमेरा उगाच पुसला. "एक फोटो हवा होता फक्त."

"दहा पावलं पुरतात, सर."

"म्हणजे मी मारलं त्यांना, असंच ना?"

किमयानं दुर्बीण डोळ्यांना लावली. ती वेदांत सरांनीच दिलेली. पुढच्या वर्षी पहाऱ्याला दोन गावकरी ठेवायचंही त्यांनी कबूल केलेलं. आज ते पहिल्यांदाच सगळं डोळ्यांनी बघायला आले होते. राईत पायताण चालत नाही, म्हणून त्यांचे गोरेपान तळवे काट्यांनी भरलेले.

"रिपोर्टमध्ये लिहा माझं नाव," ते म्हणाले. "पण मग पुढच्या वर्षीचं तुमचं तुम्ही बघा."

तेवढ्यात मागून पाचोळा वाजला. डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रंभाबाई येत होत्या.

रंभाबाईंचं वय साठीचं. सहा वर्षांपूर्वी आमचा गट राहायला जागा शोधत वाडीभर फिरला, तेव्हा "पाखरं मोजाया पगार मिळतो व्हय?" असं विचारून लोक हसले होते. रंभाबाई हसल्या नाहीत. "पाखरू येवढं कोंडून घेतं? मग बाळंतीणच म्हणायची की ती. तिला शेजार नको?" म्हणाल्या, आणि घरामागची खोली झाडून दिली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे. लिहिता-वाचता येत नाही, पण रात्री वही पुढ्यात घेऊन खुणांवरून बोट फिरवतात. "आज लई येळा आला गं दादला!"

यंदा त्यांच्या घरात दोन बाळंतिणींची काळजी होती. लेक शुभांगी महाळुंग्याला राहते, तिला आठवा महिना. आधी दोनदा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं होतं. रोज संध्याकाळी फोनवर आई विचारायची, "जेवलीस?" आणि लेक विचारायची, "आणि ती? ती जेवली का?"

"आला?" पाटी उतरवत रंभाबाईंनी विचारलं.

"नाही काकू. काल संध्याकाळी पावणेसहाला आला, तो शेवटचा."

त्यांचा हात फडक्याच्या गाठीवरच थांबला. "वरडतो का कुटं?"

"तेच तर. जवळ येतो, ओरडतो आणि वळून जातो."

"कुठनं वळतो?"

किमयानं बोट दाखवलं. "झाडाच्या मागून. देवाच्या बाजूनं."

फडक्याची गाठ न सोडताच रंभाबाई खाली बसल्या. कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, कारण इकडे पुन्हा जुंपली होती.

"कळत नव्हतं तर विचारायचं होतंत, सर!"

"प्लीज, मला शिकवू नका."

"साहेबाला बोलू नको, किमे."

"काकू, तुम्हाला माहीत नाही, यांनी—"

"त्येंनी न्हाई. म्या केलंय."

त्याच वेळी ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली. रिकामी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आत गेली.

"काल शुक्रवार हुता," रंभाबाई जमिनीकडे बघत बोलू लागल्या. "तुमी घरी गेला, तवा मी हितं आले. मागल्या अंगाला बसून तिची वटी भरली. बुंध्याशी नारळ ठेवला, तांदूळ ठेवलं. आन् खण बांधला फांदीला. हिरवा. जरीचा."

आमच्या आडोशातून झाडाची ती बाजू दिसत नव्हती. पण नर तिकडूनच यायचा. वाऱ्यावर फडफडणारा, उन्हात चमकणारा हातभर कपडा त्याच्या वाटेत होता.

"मग काढू या ना!" किमया अर्धी उठलीसुद्धा.

"खाली बस!" रंभाबाईंनी तिचा हात धरून ओढला. "वटी भरून माघारी घेत्यात व्हय कुणी? दोघींची मिळून भरलीया ती. शुबीचं नाव घेऊन बांधलाय खण. तो सोडायचा म्हंजे..."

वेदांत सरांना आता चार शब्द सुनवायचा हक्क होता, आणि किमया मान खाली घालून वाट बघत होती.

"मी काढतो," ते हळूच म्हणाले. "जे काय लागायचं ते मला लागू दे."

"तुमाला वटीतलं काय कळतंय, साहेब? बापयानं हात लावायचा नसतो."

"मग मी," किमया म्हणाली.

"तुझं अजून लगीन व्हायचंय. तू तर लांबच ऱ्हा."

"मग शुभाताईला फोन करू? टेकाडावर रेंज येते. तिलाच विचारू."

रंभाबाईंनी झटकन वर बघितलं. "तिला इचारलं तर ती काढच म्हनंल. वळखते मी तिला. मग त्यो दोष कुणाच्या माथी? न्हाई. तिला इचारायचं न्हाई."

साडेबारा झाले. लांब कुठंतरी नर ओरडला. फटीतून चोच पुन्हा बाहेर आली, या वेळी थोडीच.

रंभाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या. पाचोळा वाजू नये म्हणून पाय घासत, झाडामागे दिसेनाशा झाल्या.

किती वेळ लागतो एक गाठ सोडायला? माझ्या घड्याळात चार मिनिटं. नंतर कळलं, खण वाऱ्यानं सुटू नये म्हणून त्यांनी काल तीन गाठी मारल्या होत्या, त्या शेवटी दातांनी सोडल्या.

परत आल्या तेव्हा खण हातात दिसत नव्हता. पदरात घालून तो त्यांनी पोटाशी गच्च धरला होता. स्वतःचीच ओटी भरल्यासारखा.

"आता बोलू नका कुणी," म्हणाल्या.

एक वाजला. पाटीतल्या भाकरीला कुणी हात लावला नाही. सव्वा झाला.

"सर, सॉरी," किमया कुजबुजली.

"दोरी मी ओलांडलीच होती," ते तेवढ्याच हळू म्हणाले.

दीड. नर ओरडला, अगदी जवळ. रंभाबाईंनी डोळे मिटले. तो समोरच्या जांभळावर बसला, मान वाकडी करून झाडाच्या मागच्या बाजूला बघत राहिला. उडाला. परत जांभळावर. मग पंखांचा मोठा आवाज झाला आणि तो सरळ ढोलीवर येऊन चिकटला. गळ्यातून एक उंबर वर आलं, फटीत गेलं. दुसरं. तिसरं.

"लिव," रंभाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "आवाज आला मला. लिव आधी."

मी लिहिलं. एक वाजून चौतीस.

संध्याकाळी टेकाडावर उभं राहून त्यांनी स्पीकरवर फोन लावला. काही लपवलं नाही, सगळं सांगितलं.

"शुबे? हायेस ना?"

"हाय गं. आये, मग आला का तो?"

"आला. अंधार पडस्तवर अकरा येळा."

"मग झालं तर," शुभांगी म्हणाली. "बापरे, माझं जरा जेवान चुकलं तर हितं पोटात लाथा बसत्यात."

रंभाबाई हसल्या नाहीत. "लाथा मारतंय न्हवं? रोज सांगत जा मला. किती मारल्या त्या."

शुभांगीचे दिवस भरायला अजून पाच आठवडे आहेत. खण त्यांनी कपाटात ठेवलेला नाही; पदराला गाठ मारून अंगावरच वागवतात. रोज संध्याकाळी फोन झाला की त्या आमच्याकडे वही मागतात आणि धनेशाच्या पानामागच्या कोऱ्या पानावर, शुभांगीनं सांगितल्या तेवढ्या, एकेक करून खुणा मारतात.