तांडेलाच्या वाट्याचं पाणी

पोलिसातल्या नोकरीतली कित्येक प्रकरणं विसरलो, पण हे एक काही पाठ सोडत नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या बंदरात नोंदलेली एक मालवाहू लाँच भर समुद्रात बुडाली. तांडेल, म्हणजे लाँचचा प्रमुख, आणि एक खलाशी छोट्या होडीतून तेरा दिवस भरकटले. आखातातल्या रास अल खैमाच्या मच्छीमारांना होडी सापडली तेव्हा खलाशी जिवंत होता, तांडेल मेलेला. त्याच्या मांडीवर सुरीचे घाव होते. तिथल्या पोलिसांनी कळवलं आणि मला पाठवण्यात आलं.

इस्पितळात खलाशाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "खाल्लं साहेब. मारलं नाही."

तिथला पोलीस अधिकारी बऱ्यापैकी हिंदी बोलायचा. होडीत सापडलेली अर्धी भरलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली. "पानी बाकी था, फिर भी आदमी काटा. खलास, केस क्लिअर."

मलाही पटलं. खुनाचं कलम मी मनात लिहूनसुद्धा टाकलं. पोलिसाला कलम आधी सुचतं, माणूस मागून.

दोन दिवस खलाशाला तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटं बोलणारा दर खेपेला काहीतरी भर घालतो, हा घालेना. तिसऱ्या दिवशी वैतागून मी बाटली त्याच्यापुढे आपटली. "मग हे पाणी का ठेवलंस?"

इतकं साधं मला कसं कळत नाही, असा त्याचा चेहरा झाला.

"ते तांडेलांच्या वाट्याचं. रोज झाकणाने मोजून दोघांचं वेगळं ठेवायचो. शेवटी त्यांना गिळवेना. दुसऱ्याच्या वाट्याला हात कसा लावू?"

"आणि माणसाला लावलास?"

"ते म्हणाले होते, मी गेलो की लाज धरू नको. पाण्याचं काही बोलले नव्हते."

आमच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात. आजारी पडून घरी बसलेल्याचाही वाटा कुणी उचलत नाही. जीव वाचवायला खून करणारा आधी ते पाणी प्यायला असता. मी मान खाली घालून जबाब लिहिला. घाव मृत्यूनंतरचे आहेत, असा डॉक्टरांचा अहवालही आला आणि खुनाचं कलम टळलं.

परतल्यावर तांडेलाच्या बायकोला सगळं सांगणं भाग होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता जेवतो का तो?"

ती उठून चुलीकडे गेली.

"इकडे पाठवा त्याला. मी वाढीन."

त्याने काय खाल्लं, ते मी तीन दिवस खोदून खोदून विचारलं होतं. तो जेवतो का, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.