काळ्या पट्टीखालचा आकडा

चष्मेवाल्यांच्या घरी गाणे ऐकायला जायचे तर जेवून जावे, असे शेजारी म्हणत; कारण गाण्याआधी व्याख्यान असे आणि व्याख्यानाला मध्यंतर नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचे म्हणणे याहून तिखट होते. त्यांच्या मते या गृहस्थांना गाणे आवडतच नव्हते, गाण्याची मोजमापे आवडत. दोन्ही आरोप चष्मेवाल्यांच्या कानावर गेले होते आणि त्यांनी ते मनावर घेतले नव्हते.

दिवसभर ते बाजारातल्या आपल्या अरुंद दुकानात लोकांचे डोळे तपासत. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन मागच्या खोलीत शिरत. तेथे दोन उंच स्पीकर, एक संगणक आणि एक चपटी, जड पेटी होती. संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणे हे त्या पेटीचे काम. ती त्यांनी फार पारखून आणली होती, आणि तिला साधी फाइल द्यायची म्हणजे त्यांना पाहुण्याला शिळे वाढल्यासारखे वाटे.

गाण्याच्या फाइलमध्ये सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा आवाजाची नोंद केलेली असते. चष्मेवाले संगणकाकडून प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये हिशेबाने आणखी पंधरा भरून घेत, म्हणजे फाइल सोळापट दाट करत, आणि मगच ती पेटीकडे पाठवत. "ठिपके जोडून चित्र काढायचं, तर ठिपके दाट नकोत का?" असे ते विचारत. गाणे असे दाट झाले की गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा वेगळा ऐकू येतो, असा त्यांचा दावा होता. पेटीवरच्या निळ्या उजेडाने लक्ष विचलित होते, म्हणून तिच्या काचेवर त्यांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती.

त्यांची पत्नी गणिताच्या शिकवण्या घेई. मुले जेवणाच्या टेबलाभोवती बसत, आणि कंपासपेट्या उचलल्या गेल्याशिवाय ताटे मांडता येत नसत. यंदा मुले वाढली, तेव्हा तिने मागची खोली मागितली.

"अहो, तिथे तुम्ही एकटे. इथे आम्ही मांडीला मांडी लावून बसतो."

"अगं, पण बाहेरच्या खोलीत हे ऐकूच येणार नाही. फरक फार नाजूक असतो."

"मग मला ऐकवा तो फरक. ऐकू आला तर खोली तुमची. पुन्हा विषय काढणार नाही."

चष्मेवाले निश्चिंत झाले. बायको खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने त्यांच्या आवडत्या सदऱ्याबद्दल खरे मत दिले होते. रविवारी तिला मधल्या खुर्चीत बसवून त्यांनी दुकानातल्याच सवयीने विचारले, "हे पहिलं. आणि हे दुसरं. कुठलं बरं?"

"सारखीच आहेत."

"डोळे मिटून ऐक."

"मिटले. सारखीच आहेत."

"गायिकेच्या श्वासाकडे लक्ष दे."

"तिचा श्वास व्यवस्थित चाललाय हो. काळजी नको."

खोली गेली. दुसऱ्या दिवशी सामान हलवण्याआधी त्यांनी पेटी पुसायला घेतली, तेव्हा काळी पट्टी सुटून हातात आली. आलेली फाइल किती दाट आहे, हे पेटी त्या काचेवर हजारांत दाखवते. त्यांनी साधी फाइल लावली, आकडा अठ्ठेचाळीस. दाट लावली, आकडा अठ्ठेचाळीसच. चष्मेवाले खुर्चीत बसून संगणकाची सेटिंग्ज तपासू लागले. गेल्या वर्षी संगणकाने स्वतःला अद्ययावत करून घेतले होते, आणि तेव्हापासून साधी असो की दाट, प्रत्येक फाइल तो अठ्ठेचाळीस हजारांच्या एकाच मापाची करून पुढे सोडत होता. सोळापट केलेले गाणे दारातच छाटले जात होते. बायकोचा कान बिनचूक होता.

म्हणजे परीक्षा बाद ठरत होती आणि खोली परत मागता येत होती. पण मग वर्षभर ऐकलेल्या फरकाचे काय, हे सांगावे लागले असते. दुकानात फार चोखंदळ गिऱ्हाईक आले की चष्मेवाले भिंग बदलल्यासारखे करून तेच पुन्हा बसवत, आणि गिऱ्हाईक हमखास म्हणे, "हां, आता स्वच्छ दिसतंय." अशा गिऱ्हाइकांचे किस्से ते घरी रंगवून सांगत. आज आपणही त्याच रांगेत उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. पट्टी परत चिकटवून गप्प बसणे सोपे होते. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

"अगं, कालची परीक्षा रद्द. दोन्ही वेळा एकच लागलं होतं."

तिने येऊन आकडा पाहिला, सगळी हकिगत ऐकून घेतली. "मग वर्षभर तुम्हाला ऐकू येत होतं ते काय?"

"ते नव्हतंच."

ती हसत हसत स्पीकरला टेकून खालीच बसली. मात्र अन्याय नको म्हणून तिने पुन्हा ऐकण्याचे कबूल केले. चष्मेवाल्यांनी संगणकाची ती खोड मोडली; दाट फाइलला आकडा सातशे पाचवर गेला.

"आता फरक वाटतोय," ती म्हणाली. "पण आता मला आकडाही दिसतोय, तेव्हा माझं मत धरू नका. पट्टी लावा. तुम्ही बसा, मी लावते. तुम्हाला ओळखता आलं तरी खोली तुमची."

ते मधल्या खुर्चीत बसले. तिने त्यांच्या पाठीमागे उभे राहून कळा दाबल्या. "हे पहिलं. हे दुसरं."

चष्मेवाल्यांनी बराच वेळ घेतला. "दुसरं. निःसंशय दुसरं. आवाजाला अंग आलंय."

"भिंग तेच होतं," ती म्हणाली, आणि फळा कुठे बसेल ते पाहण्यासाठी भिंत मोजू लागली.

आता मागच्या खोलीत शिकवणी चालते आणि जेवण वेळेवर होते. पेटी निजायच्या खोलीत कपाटाला खेटून आहे. एक स्पीकर दाराआड असल्याने ते दार अर्धेच उघडते, आणि आत जाणाऱ्याला अंग चोरावे लागते. फाइली मात्र पूर्वीसारख्याच सोळापट होत असतात. परवा मेव्हणा आला तो बहिणीकडून सगळे ऐकूनच. पलंगाच्या कडेवर बसत त्याने विचारले, "भावोजी, फरक कळत नाही हे ठरलं ना एकदा? मग अजून हा उद्योग कशाला?"

चष्मेवाल्यांनी मानही वळवली नाही. ते म्हणाले, "परीक्षा खोलीपुरती होती. खोली दिली. आता ऐकायचं असेल तर गप्प बसा. प्रश्नच विचारायचे असतील तर पलीकडे शिकवणी चालू आहे."